आकडा आणि रेषा : गरिबांच्या वीजदराच्या परिभाषेचा इतिहास

१. विषयप्रवेश

मराठीत 'आकडा' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक संख्येचा, दुसरा वाकवलेल्या तारेचा, अडकवण्याच्या साधनाचा. विजेच्या व्यवहारात हे दोन्ही अर्थ एकाच वस्तीत नांदतात. ज्याच्याकडे मीटर आहे त्याच्या बिलावर आकडा येतो. ज्याच्याकडे नाही, किंवा ज्याला त्या बिलाचा भार पेलत नाही, तो खांबावरच्या तारेवर आकडा टाकतो. २००३ च्या विद्युत अधिनियमातील कलम १३५ नुसार हा दुसरा आकडा चोरी ठरतो. पहिल्याची निश्चिती त्याच अधिनियमाच्या कलम ६२ नुसार नियामक आयोग करतो. या दोन कलमांच्या मधल्या जागेत राहणाऱ्या माणसासाठी भारतीय राज्यसंस्थेने कमी दराची तरतूद कोणत्या शब्दांत केली, त्या शब्दांनी त्याला कोणत्या रूपात पाहिले आणि त्याचे परिणाम काय झाले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

अधिनियम, धोरणपत्रे आणि दरआदेश हे सामान्यतः साहित्याच्या अभ्यासकाच्या वाचनात येत नाहीत. अर्थशास्त्र आणि कायदा या शाखांनी त्यांचा अभ्यास केला आहे. पण तो प्रामुख्याने 'किती' या प्रश्नाभोवती फिरतो. सवलत किती, तोटा किती, अनुदान किती. या मजकुरांतून घडणारी 'गरीब ग्राहक' ही व्यक्तिरेखा मात्र दुर्लक्षित राहिली. व्यक्तिरेखा हा शब्द येथे हेतुपुरस्सर वापरला आहे. दरपत्रकातील गरिबाला स्वभाव नाही, पण त्याला घर आहे, दिवा आहे, वर्षभराचा वापर आहे, आणि एक मर्यादा ओलांडताच त्याचे नाव बदलते. अशा मजकुराची चिकित्सा करण्याची साधने तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाजवळ आहेत, आणि ही परिभाषा एकाच वेळी अनेक भारतीय भाषांत घडलेली असल्याने तिचा तौलनिक विचार आवश्यकही आहे.

२. पूर्वपीठिका : सूट, इस्तावा, सवलत

शासनाने आपल्या येण्यात घट सोसून रयतेला दिलासा द्यावा, ही कल्पना मराठी राज्यव्यवहाराला नवी नव्हती. मराठेशाहीच्या महसुली व्यवहारात तिची दोन रूपे विशेष ठळक दिसतात. पहिले सुटीचे. अवर्षण पडले, पीक बुडाले, सैन्याच्या वाटचालीने गाव उजाड झाला, तर त्या सालापुरती वसुलीत सूट मिळे. तिचा आधार आपत्ती हा होता. पुन्हा वाईट साल आले, तर पुन्हा सूट मागता येत असे. दुसरे रूप इस्ताव्याचे. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्याला आरंभी अल्प दर, मग दरसाल चढता दर, आणि ठरलेल्या मुदतीअंती पुरा धारा, असा कौल त्याला दिला जाई. इस्ताव्याचा आधार आपत्ती नव्हे, अवस्था. त्यात कुळाचा प्रवास एकाच दिशेने, कमी दराकडून पुऱ्या दराकडे, गृहीत धरलेला होता.

या दोन्ही व्यवस्थांत 'गरीब' हा स्वतंत्र वर्ग नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. सूट बुडालेल्या सालाला होती, इस्तावा नव्या जमिनीला होता. माणसाची ओळख पटवण्याची गरज नव्हती. साल कसे गेले हे अवघ्या गावाला ठाऊक असे आणि जमीन कोणती हे पाटील-कुलकर्ण्यांच्या दप्तरात असे.

आज आपण ज्याला 'सवलत' म्हणतो तो शब्द अरबी 'सुहूलत' या शब्दावरून फारसीमार्गे मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ सुलभता, सोपेपणा. म्हणजे व्युत्पत्तीच्या दृष्टीने सवलतीत दात्याच्या उदारतेचा अंश नाही. एखादी गोष्ट घेणाऱ्याला सोपी व्हावी, एवढेच त्यात आहे. 'अनुदान' हा शब्द तसा नाही. आधुनिक शासकीय परिभाषेने तो सबसिडीसाठी रूढ केला आणि त्याच्याबरोबर 'दान' मराठी अर्थव्यवहारात आले. दान म्हटले की दाता आला, पात्र आले, आणि पात्रापात्रविवेकही आला. पुढील विवेचनात हा भेद वारंवार उपयोगी पडेल.

३. दिवा : १९१० ते १९८८

विजेच्या कायद्याचा भारतातील आरंभीचा मजकूर कमी दराच्या कल्पनेकडे संशयानेच पाहतो. १९१० च्या भारतीय विद्युत अधिनियमातील कलम २३ ने परवानाधारकाला कोणाही व्यक्तीबाबत अवाजवी पक्षपात करण्यास मनाई केली. खासगी कंपन्यांनी आपल्या मर्जीतल्या ग्राहकांना झुकते माप देऊ नये, हा त्यामागील हेतू. १९४८ च्या विद्युत पुरवठा अधिनियमाने राज्य विद्युत मंडळांची चौकट उभी केली आणि कलम ४९ मध्ये ही मनाई कायम ठेवूनही वेगवेगळे दर ठरवण्याची मुभा दिली. त्यासाठी प्रदेशाचे भौगोलिक स्थान, पुरवठ्याचे स्वरूप आणि पुरवठ्याचे प्रयोजन ही कारणे सांगितली; आणि त्यांच्या शेवटी 'अन्य कोणतेही संबंधित घटक' अशा आशयाचे शब्द जोडले. गरिबी या यादीत नाही. तरीही त्या शेवटच्या मोकळ्या शब्दांतून ती आत येऊ शकत होती. पुढील चाळीस वर्षांत मंडळांनी घरगुती आणि शेतीच्या दरांत जे बदल केले, त्यांना कायद्याची ही मोकळी खिडकी पुरेशी ठरली.

गरीब कुटुंब स्वतंत्र वर्ग म्हणून अखिल भारतीय पातळीवर दिसू लागते ते १९८८-८९ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या 'कुटीर ज्योती' योजनेत. ग्रामीण भागातील दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना, त्यांत हरिजन व आदिवासी कुटुंबांनाही, एका दिव्याची जोडणी द्यावी आणि घरातील तारजोडणीसह तिचा आरंभीचा खर्च अनुदानातून भागवावा, असे तिचे स्वरूप होते. नावातील दोन्ही पदे पाहण्यासारखी आहेत. 'कुटीर' हा शब्द गांधीयुगातील कुटीरोद्योगाची आठवण देणारा, झोपडीला साधेपणाची प्रतिष्ठा देणारा. 'ज्योती' हा देवघरातला शब्द. प्रत्यक्ष योजनेत जे मिळणार होते त्याचे रोखठोक नाव 'एक बिंदू जोडणी' असे होते. घरात दिवा लागण्याची एकच जागा. पंख्याचा, शेगडीचा किंवा शिवणयंत्राच्या मोटरीचा विचार या कल्पनेत नव्हता. गरिबाची विजेची गरज म्हणजे उजेड, ही व्याख्या येथे पक्की झाली.

दक्षिणेत यासारखी पावले आधीच पडली होती. कर्नाटकातील 'भाग्य ज्योती' योजना कुटीर ज्योतीपूर्वीची आहे, आणि पुढे या दोन्ही योजनांच्या आद्याक्षरांनी तेथील दरपत्रकात एक स्वतंत्र वर्गच निर्माण झाला. तमिळनाडूच्या दरपत्रकात 'झोपडी' हा वेगळा वर्ग आहे. वर्गाचे नाव घरावरून पडावे, उत्पन्नावरून नव्हे, हे या टप्प्याचे वैशिष्ट्य म्हणता येईल. छप्पर कसले आहे हे डोळ्यांना दिसते; उत्पन्न दिसत नाही.

४. दोन रेषा

कुटीर ज्योतीच्या व्याख्येतच 'दारिद्र्यरेषा' हा शब्द आला होता. त्याची कुळकथा या विषयाशी वाटते त्याहून जवळची आहे. दादाभाई नौरोजींनी १८७० च्या दशकात जगण्यासाठी लागणाऱ्या किमान खर्चाचा हिशेब मांडला, तेव्हा त्यांनी आधार म्हणून तुरुंगातील कैद्यांना मिळणाऱ्या शिध्याकडेही बोट दाखवले होते. जवळजवळ शंभर वर्षांनी, १९७१ मध्ये, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी रोजच्या २,२५० कॅलरी पुरवू शकणारा खर्च ही त्यांच्या मोजणीची कसोटी होती. कॅलरी हेही ऊर्जेचेच एकक आहे. या अन्नातील ऊर्जा विजेच्या भाषेत मांडली तर ती सुमारे २.६ युनिट भरते. गरिबीची भारतीय मोजणी आरंभापासून ऊर्जेची मोजणी होती, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये.

दुसरी रेषा परदेशातून आली. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत इंधनाचे दर चढले. १९७५ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने मिलर-वॉरन 'लाइफलाइन' कायदा केला. सामान्य घराला ऊब, गरम पाणी, उजेड, स्वयंपाक आणि शीतकपाट यांसाठी लागणारे विजेचे व वायूचे किमान प्रमाण निश्चित करावे आणि तेवढे प्रमाण सर्व घरगुती ग्राहकांना कमी दराने द्यावे, हे त्याचे सूत्र. येथे उत्पन्नाची अट नव्हती. १९७८ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानेही राज्यांच्या आयोगांना अत्यावश्यक गरजांसाठी असा कमी दर ठेवण्याची वाट मोकळी केली. कॅलिफोर्नियात १९८२ मध्ये 'लाइफलाइन'ची जागा 'बेसलाइन' या शब्दाने घेतली, आणि १९८९ पासून अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी उत्पन्नाच्या अटीसह स्वतंत्र सवलत आली. म्हणजे तेथे प्रवास गरजेकडून गरिबाकडे झाला. आधी सर्वांची किमान गरज मोजली गेली, मग गरीब वेगळा काढला गेला. भारतात हा क्रम उलटा आहे. आधी गरीब कुटुंबाच्या घरी दिवा लावला गेला. किमान गरजेचे प्रमाण नंतर ठरले.

भाषांतरात या शब्दाचे जे झाले ते उद्बोधक आहे. इंग्रजीत 'लाइफलाइन' म्हणजे बुडणाऱ्याकडे फेकलेला दोर. त्यात फेकणारा आहे, धरणारा आहे आणि दोघांना जोडणारे काही आहे. हिंदी-मराठीत तो 'जीवनरेखा' झाला, आणि दोर नाहीसा होऊन रेघ उरली. मराठी वाचकाला रेषा म्हटली की तळहातावरची आयुष्यरेषा आठवते, नाहीतर ओलांडू नये अशी लक्ष्मणरेषा. पहिलीत प्राक्तन आहे, दुसरीत मर्यादा. जीवनरेखा आणि दारिद्र्यरेषा हे दोन्ही शब्द शासकीय मजकुरात शेजारी आले, तेव्हा जोडण्याचा अर्थ मागे पडून विभागण्याचा अर्थ वरचढ ठरला. उत्तर प्रदेशाच्या दरपत्रकाने 'लाइफलाइन ग्राहक' असा वर्ग करून मूळ शब्दच ठेवला. पण तेथेही त्याचा अर्थ ठरतो तो जोडभार आणि युनिटांची कमाल मर्यादा यांवरूनच.

५. एक शब्द गाळला गेला : १९९६ ते २००७

१९९१ नंतर वीजक्षेत्रात खासगी गुंतवणुकीचे धोरण आले आणि मंडळांच्या तोट्याची चर्चा ऐरणीवर आली. डिसेंबर १९९६ मधील मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत ठरलेल्या समान किमान राष्ट्रीय कृती आराखड्यात कोणत्याही क्षेत्राला सरासरी पुरवठा खर्चाच्या ५० टक्क्यांपेक्षा कमी दर असू नये, असे तत्त्व मांडले गेले. १९९८ च्या कायद्याने नियामक आयोगांची तरतूद केली. १९९९ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला आणि मे २००० मध्ये त्याने राज्य विद्युत मंडळाबाबत पहिला दरआदेश दिला. आतापर्यंत मंडळ आणि मंत्रालय यांच्यात मिटणारा दराचा प्रश्न आता जाहीर सुनावणीत, कारणे नोंदवून, लेखी आदेशाने सुटू लागला. दर हा प्रथमच 'युक्तिवादाचा मजकूर' झाला.

या युक्तिवादाच्या केंद्रस्थानी एक संज्ञा होती : क्रॉस सबसिडी. एका ग्राहकाकडून खर्चाहून अधिक घेऊन दुसऱ्याला खर्चाहून कमी दराने देणे, हा तिचा अर्थ. हिला मराठीत घरचा शब्द रूढ झाला नाही. सुनावणीत शेतकरी संघटनांचे प्रतिनिधीही 'क्रॉस सबसिडी' असेच म्हणतात. शब्द नसला तरी व्यवहार अपरिचित नाही. गावजेवणाच्या वर्गणीत ज्याची जशी ऐपत तसा त्याचा वाटा, हे सर्वांना ठाऊक असते. पण वर्गणीत देणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखतात. वीजबिलात कारखानदाराने दिलेला जादा पैसा आणि झोपडीला लागलेला कमी दर यांची गाठ केवळ दरपत्रकाच्या परिशिष्टात पडते.

ऑक्टोबर २००२ मध्ये पश्चिम बंगाल विद्युत नियामक आयोग विरुद्ध सीईएससी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ च्या कायद्याचा अर्थ लावताना क्रॉस सबसिडीला त्या कायद्यात आधार नाही, राज्य सरकारला एखाद्या वर्गाला कमी दर द्यायचा असेल तर त्याचा भार सरकारने उचलावा, अशी भूमिका घेतली. पाठोपाठ आलेल्या २००३ च्या विद्युत अधिनियमात या भूमिकेचे प्रतिबिंब दिसते. कलम ६५ ने सरकारी अनुदानाची रक्कम आगाऊ भरण्याची अट घातली. रक्कम भरली नाही तर सवलतीचा निर्देश अमलात येणार नाही. कलम ६१ ने दरांची वाटचाल पुरवठा-खर्चाकडे व्हावी आणि क्रॉस सबसिडी कमी करत 'नाहीशी' करावी, असे सांगितले.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे कलम ६२ चे तिसरे उपकलम आहे. अवाजवी पक्षपाताची १९१० पासूनची मनाई येथेही आहे. भेद करण्यासाठी मान्य कारणांची यादीही आहे : भारगुणक, शक्तिगुणक, दाब, ठरावीक काळातील एकूण वापर, पुरवठ्याची वेळ, भौगोलिक स्थान, पुरवठ्याचे स्वरूप आणि प्रयोजन. १९४८ च्या मजकुराशी ही यादी ताडून पाहिली असता दोन फरक विशेष लक्षात येतात. 'एकूण वापर' हे कारण नव्याने आले आहे, आणि 'अन्य कोणतेही संबंधित घटक' हे शब्द गेले आहेत. खिडकी बंद झाली. उत्पन्न, जात, व्यवसाय, वैधव्य, अपंगत्व यांपैकी काहीही या यादीत नाही. आयोगासमोर गरीब यायचा असेल तर तो 'कमी वापर करणारा' याच वेषात येऊ शकतो.

धोरणपत्रांनी त्याला हा वेष शिवून दिला. फेब्रुवारी २००५ च्या राष्ट्रीय विद्युत धोरणाने २०१२ पर्यंत प्रत्येक कुटुंबाला रोज किमान १ युनिट 'जीवनरेखा वापर' म्हणून मिळावा, असे उद्दिष्ट ठेवले. तेच धोरण आणि जानेवारी २००६ चे दरधोरण यांनी दारिद्र्यरेषेखालील आणि महिन्याला सुमारे ३० युनिटांपर्यंत वापर असलेल्या ग्राहकांना विशेष दर द्यावा, असे सुचवले. दरधोरणाने तो सरासरी पुरवठा खर्चाच्या निम्म्याहून कमी नसावा, अशी मर्यादा घातली. रोजचा १ युनिट आणि महिन्याचे ३० युनिट ही एकच संख्या आहे. पण पहिल्या वाक्यात ती किमान आहे, दुसऱ्यात कमाल. कुटुंबाला निदान इतके मिळावे, असे एक वाक्य म्हणते. इतक्याहून जास्त घेतले तर तू गरीब नाहीस, असे दुसरे. राज्याने ज्याला जगण्याचा तळ म्हटले तेच सवलतीचे छत झाले, आणि गरिबाला उभे राहण्यासाठी या दोहोंत जागा उरली नाही.

२००७ च्या दुरुस्तीने अधिनियमातून एक कल्पना वगळली. क्रॉस सबसिडी कमी करावी हे शब्द राहिले, 'नाहीशी करावी' हे गेले. कलम ६१ प्रमाणेच इतर संबंधित कलमांतही हीच काटछाट झाली. संसदीय मजकुराच्या इतिहासात इतक्या छोट्या गाळण्याने इतका मोठा फरक क्वचितच पडतो. ते क्रियापद राहिले असते तर ऐपतदार ग्राहकाच्या बिलातून गरिबाला मिळणारा आधार आज ना उद्या कायद्यानेच संपवावा लागला असता, आणि सारी भिस्त कलम ६५ मधील आगाऊ रकमेवर, म्हणजे दरवर्षीच्या अर्थसंकल्पाच्या मर्जीवर राहिली असती.

६. ३६१ वे युनिट

ही परिभाषा प्रत्यक्ष माणसाला कशी भिडते, हे महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २०१६ च्या दरआदेशातील 'दारिद्र्यरेषेखालील घरगुती' या वर्गाच्या व्याख्येत पाहावे. मंजूर भार ०.१ किलोवॉटपर्यंत आणि मागील आर्थिक वर्षातील वापर ३६० युनिटांपर्यंत, या त्या वर्गाच्या अटी. पात्रतेची तपासणी वर्षअखेरीस. वापर ३६० च्या वर गेला तर ग्राहक सामान्य घरगुती वर्गात जाईल. आणि त्यानंतर त्याचा वापर कितीही घटला तरी त्याला पुन्हा या वर्गात येता येणार नाही.

०.१ किलोवॉट म्हणजे १०० वॉट. छताचा साधा पंखा सुमारे ७५ वॉटचा असतो. जुना ६० वॉटचा पिवळा दिवा आणि पंखा एकाच वेळी लावले की हा भार ओलांडला जातो. २०१५ नंतर एलईडी दिव्यांचा सरकारी कार्यक्रम आला आणि ९ वॉटच्या दिव्यामुळे त्याच भारात पंख्याला जागा झाली. ग्राहकाची ऐपत तीच, उजेड तितकाच, तरी रेषेच्या अलीकडे राहणे सोपे झाले. उलट उन्हाळ्यात घरात आजारी माणूस असेल, पंखा दिवसरात्र फिरला, तर रोज सुमारे १.८ युनिट त्याचेच होतात. महिन्याचे ३० युनिट सतराव्या दिवशीच संपतात. वर्षाकाठी ३६१ वे युनिट याच रीतीने पडते. त्याला चैनीची गरज नसते.

परतीचा मार्ग बंद ठेवण्यामागे प्रशासकीय कारण असू शकते. वर्गबदलाचा खटाटोप आणि मुद्दाम वापर लपवण्याचा मोह या दोन्हींना त्याने आळा बसतो. पण या अटीत दारिद्र्याविषयी एक सिद्धान्त गृहीत आहे, आणि तो तपासायला हवा. तो सिद्धान्त असा की, माणूस गरिबीतून वर येतो आणि वर आला की वरच राहतो. हे इस्ताव्याचे तत्त्व आहे. पडीक जमीन एकदा लागवडीस आली की पुन्हा पडीक होत नाही, या समजुतीने तेथे दर चढत जाई. त्याच जुन्या व्यवहारात सुटीचेही तत्त्व होते, कारण चांगल्या सालानंतर वाईट साल येते हे त्या दप्तराला ठाऊक होते. मराठवाडा-विदर्भातील कोरडवाहू कुटुंबाला २१ व्या शतकातही ते ठाऊक आहे. नव्या दरपत्रकाने इस्तावा ठेवला आणि सूट वगळली. मराठी ग्रामीण कथात्म साहित्यात एका दुष्काळाने किंवा एका आजारपणाने घसरलेली कुटुंबे पदोपदी भेटतात. त्यांपैकी कोणालाही या व्याख्येत परत पाऊल ठेवता येणार नाही.

दुसरी अडचण घर आणि मीटर यांच्या नात्याची. परिभाषा 'कुटुंब' म्हणते, पण मोजते मीटर. एका मीटरवर दोन चुली असतील, भावाभावांची वाटणी झाली पण जोडणी एकच राहिली असेल, शहरातल्या वस्तीत एका मालकाच्या मीटरवर चार खोल्यांचे भाडेकरू असतील, तर चार गरिबांचा वापर मिळून एका सधनाचा होतो. सवलतीचे टप्पे त्यांना लागू होत नाहीत आणि मालक सांगेल तो युनिटदर द्यावा लागतो. कलम ४३ ने जोडणी मागण्याचा अधिकार मालकाबरोबर भोगवटादारालाही दिला आहे. २०२२ मध्ये दिलीप विरुद्ध सतीश या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वीज ही मूलभूत सुविधा असून घरमालकाच्या ना-हरकतीअभावी ती भाडेकरूला नाकारता येणार नाही, असे स्पष्ट केले. जोडणीच्या बाबतीत कायद्याची भाषा अशी हक्काची आहे. दराच्या बाबतीत ती सवलतीची आहे. तार दारापर्यंत येणे हा अधिकार, पण तिच्यातील वीज परवडणे ही कृपा, असा हा दुभंग आहे.

७. शेजारच्या भाषांत

या दुभंगाला वेगवेगळ्या भाषांनी वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. दिल्लीत १ ऑगस्ट २०१९ पासून दरमहा २०० युनिटांपर्यंत बिल शून्य झाले. २०१ ते ४०० युनिटांना निम्मी सवलत, कमाल ८०० रुपये. येथे दारिद्र्यरेषेची यादी नव्हती. ओळख पटवण्याचे काम युनिटांवरच सोपवले होते, पण छत ३० चे २०० झाले. त्याच वर्षी भाडेकरूंसाठी प्रीपेड मीटरची योजना आली, कारण मीटर नसलेल्यापर्यंत शून्य बिल पोहोचत नाही हे ध्यानात आले होते. १ ऑक्टोबर २०२२ पासून ही सवलत अर्ज करणाऱ्यांपुरती ठेवण्यात आली. न मागता मिळणारी गोष्ट मागून घ्यावी लागू लागली. रक्कम तीच राहिली तरी घेणाऱ्याची भूमिका बदलली.

पंजाबने जुलै २०२२ पासून दरमहा ३०० युनिट मोफत केले, पण मर्यादा ओलांडल्यावर काय, याबाबत भेद ठेवला. अनुसूचित जाती, मागासवर्ग, दारिद्र्यरेषेखालील अशा कुटुंबांनी जादा युनिटांचेच पैसे द्यायचे. इतरांनी सर्व युनिटांचे. पहिल्यांसाठी मर्यादा ही पायरी होती, दुसऱ्यांसाठी कडा. कलम ६२ च्या यादीत नसलेली जात येथे सरकारी अनुदानाच्या दाराने आली, हे त्याचे कायदेशीर मर्म.

नावांचा इतिहास तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. कन्नडमध्ये 'भाग्य ज्योती'पासून २०२३ च्या 'गृह ज्योती'पर्यंत येताना 'भाग्य' हा शब्द गळला आणि योजनेचे वर्णन 'गॅरंटी' असे होऊ लागले. नशिबाची जागा हमीने घेतली. तमिळमध्ये फुकट वस्तूंसाठी 'इलवसम्' हा शब्द रूढ होता. २०११ नंतर तेथील सरकारने आपल्या योजनांना 'विलैयिल्ला', म्हणजे ज्याला किंमत नाही असे, हे विशेषण लावले. किंमत नसणे आणि अमोल असणे या दोहोंच्या सीमेवरचा हा शब्द घेणाऱ्याचा मान राखतो. हिंदीत जुलै २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या भाषणामुळे 'रेवडी' हा शब्द या वादात शिरला. हिंदी म्हणीतील रेवडी आंधळ्याने आपल्याच माणसांत वाटलेली आहे; तिचा रोख वाटणाऱ्याच्या पक्षपातावर आहे. मराठीत मात्र रेवडी वाटत नाहीत, उडवतात, आणि ज्याची उडते त्याचे हसे होते. त्यामुळे हा शब्द मराठी वृत्तपत्रांतून वावरू लागला तेव्हा टीकेचा रोख नकळत वाटणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे सरकला. एका भाषेतील दात्यावरचा उपहास दुसऱ्या भाषेत याचकावरचा उपहास होतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण विरळ.

८. समारोप

वरील विवेचनातून तीन टप्पे पुढे येतात. पहिल्या टप्प्यात गरीब त्याच्या झोपडीवरून ओळखला गेला आणि त्याला एक दिवा मिळाला. दुसऱ्यात तो यादीवरून ओळखला गेला. तिसऱ्यात, २००३ नंतर, तो युनिटांवरून ओळखला जाऊ लागला. दर टप्प्यागणिक ओळख अधिक अचूक झाली आणि ओळखले जाणारे माणूस अधिक अस्पष्ट झाले. युनिटांच्या मोजणीचा मोठा लाभ आहे, तो नाकारता येत नाही. तिला ग्रामसेवकाचा दाखला लागत नाही, यादीतील नावासाठी कोणाचे उंबरे झिजवावे लागत नाहीत. पण कमी वापर म्हणजे गरिबी हे समीकरण पत्करले की एकट्या श्रीमंताचे बंद घर गरीब ठरते आणि आठ माणसांचे गरीब घर सधन.

यावर उपाय सुचवणे हे या लेखाचे प्रयोजन नाही. तथापि परिभाषेच्या अभ्यासातून दोन गोष्टी निश्चित सांगता येतात. मर्यादा ओलांडणाऱ्याला परतीची वाट ठेवणे, हे आपल्याच महसुली परंपरेतील सुटीच्या तत्त्वाशी सुसंगत आहे. ते नवे औदार्य नव्हे. आणि १ युनिट ही किमान गरज मानायची असेल, तर तीच संख्या कमाल मर्यादा म्हणून वापरता येत नाही. एका मजकुरातील दोन वाक्ये एकमेकांस छेद देत असतील तर त्यांतील एक बदलावे लागते. तोवर दरपत्रकातला आकडा आणि तारेवरचा आकडा यांतील अंतर एका उन्हाळ्याचे राहील. पात्रता हरवलेले आणि पुऱ्या दराचे बिल थकलेले घर पहिल्याकडून दुसऱ्याकडे वळले, तर कलम १३५ त्याची दखल तत्काळ घेते. कलम ६२ च्या यादीत मात्र त्या घरासाठी अद्याप शब्द नाही.